अंगठ्याचा खड्डा

अंगठा उचलला तरी जोयाच्या पायावरचा खड्डा भरून येईना.

मी परत दाबला. मग दुसऱ्या पायावर दाबला. मनात तीनपर्यंत मोजलं आणि अंगठा काढला. मळलेल्या कणकेत बोट रुतवून काढावं तसा खड्डा पडला होता. मी पाहत बसले, तो तसाच. पोरीने पाय ओढून घेतला नाही, रडली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. सोळा महिन्यांच्या लेकराचा पाय कोणी असा दाबला तर त्याने घर डोक्यावर घ्यायला पाहिजे.

तिची आजी जुलेखाबी खाटेशेजारी बसून तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "काय पाहून राहिली व कौसल्या एवढं?"

"बी, हे पाय कवापासून असे हायेत?"

"असे म्हंजे कसे? भरले हायेत. टच झाली पोट्टी. माह्या हातचं खाल्लं का कोनाचंबी लेकरू असंच होते." ती हसत होती.

मी म्हटलं, "उठा. अकोल्याले जा लागते."

"कावून? सना बरी हाये न?"

"सना बरी हाये. हे पोट्टी मरून राहिली."

म्हातारीच्या हातातलं सूप खाली गेलं. असं तोंडावर बोलू नये हे मला कळतं. पण मला दुसरं काही सुचलं नाही, आणि गोड बोलून त्या घराचं जे करायचं ते मी आधीच करून बसले होते.

मी चौथी शिकलेली आहे. बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावात सव्वीस वर्षं अंगणवाडीची मदतनीस होते. सेविका वेगळी आणि मदतनीस वेगळी. सेविका शिकलेली असते, ती रजिस्टर भरते, आता मोबाइल भरते. मदतनीस झाडते, पाणी भरते, खिचडी शिजवते, घरोघरी जाऊन लेकरं गोळा करते, त्यांची शी धुते. आमच्या सेविका मीनाताई. बाई चांगल्या, पण लेकरू काट्याला टांगलं की त्यांचे हात कापायचे. म्हणून वजन मी घ्यायची आणि त्या लिहायच्या. नातीने मला सांगितलं, आजी, दिवाळी अंकाला कामाच्या आठवणी पाहिजेत, समाधानाच्या लिही. समाधानाच्या आठवणी सेविकेकडे मागाव्या. तिच्याकडे प्रमाणपत्रं आहेत.

वजनाचं काम कसं असतं ते सांगते. आढ्याच्या लाकडाला काटा टांगायचा. त्याच्या आकड्याला कापडाची चड्डीसारखी झोळी. आधी रिकाम्या झोळीचा काटा शून्यावर आणायचा, मग लेकराचे कपडे, वाळे, करदोडा काढून त्याला झोळीत घालायचं. ते हवेत लोंबकळलं की भोकांड पसरतं, पाय झाडतं, काटा नाचतो. तो थांबला की त्या क्षणाला आकडा वाचायचा. मग दंडाला रंगीत पट्टी लावायची. हिरव्यात आलं तर बरं, पिवळ्यात आलं तर लक्ष ठेवा, लाल म्हणजे धोका. आणि शेवटी दोन्ही पायांवर अंगठे दाबून तीनपर्यंत मोजायचं. खड्डा राहिला तर अंगावर सूज आहे. मग वजन किती भरलं ते पाहायचंच नाही, लेकरू थेट दवाखान्यात.

हे शेवटचं मीनाताईंनी प्रशिक्षणातून येऊन मला शिकवलं होतं. मी पंधरा वर्षं इमानाने अंगठे दाबले. एकाही लेकराच्या पायाला कधी खड्डा पडला नाही. आमच्याकडची लेकरं वाळायची. हातपाय काड्या, तोंड म्हाताऱ्यासारखं, ढुंगणाची कातडी लोंबलेली. त्याला गावात सुकी म्हणतात. सुकी कोणालाही दिसते, त्याला अंगठा लागत नाही. मग मी दाबणं सोडलं. एका दिवसात चाळीस लेकरं, चुलीवर खिचडी, दारात आया भांडतायत. जे काम पंधरा वर्षांत एकदा उपयोगी पडलं नाही ते माणूस सोडतं.

काट्याला सगळं गाव ओळखायचं. एकदा देविदास बोकडाचं पिल्लू खांद्यावर घालून आला. म्हणाला, "मावशी, याचं वजन घेऊन देनं. बजारात लोकं ठकवते."

"लसीचं कार्ड आन पहिले."

"अव मावशी, मजाक नोको करू. तुह्याच लेकरावानी समज."

"माह्यासारखंच तोंड हाये त्याचं, पन नाव रजिस्टरात नाही."

तो गेला, आणि मीनाताई जेवायला गेल्या तेव्हा परत आला. घेतलं मी वजन. बोकडाचं पिल्लू लेकरांपेक्षा शांत बसलं होतं झोळीत. एका आईने लेकराच्या चड्डीत दगड ठेवला होता, का तर शेजारणीच्या पोराचं वजन जास्त भरलं. दुसरी म्हणायची, वजन कमीच लिहा, दृष्ट लागते. मी दोघींनाही झापायची. माझ्या तोंडाची गावात दहशत होती आणि मला त्याचा अभिमान होता. मावशी जे सांगते ते खरं, असं बाया म्हणायच्या. त्या म्हणत राहिल्या आणि मी ऐकत राहिले, यातच सगळं बिघडलं.

जोया आणि सना जुळ्या. बाप इरफान अमरावतीला बेकरीत कामाला. आई नसीम, माहेर बाळापूरचं, बारीक अंगाची, बोलणं हळू. दोघी पोरी जन्मल्या तेव्हाच लहान होत्या, त्यात सना जास्तच लहान. नसीमला दूध पुरेना. मग जुलेखाबीने वाटणी केली. सना अशक्त, तिला आईचं दूध. जोया धडधाकट, तिला वरचं. ही वाटणी कोणी वाईट मनाने केली नव्हती. उलट जोयाचं आजीने जास्तच केलं. वरचं म्हणजे काय, तर भाताची पेज, साबुदाण्याचं पाणी, आणि चहात भिजवलेला टोस्ट. टोस्टाला तोटा नव्हता. इरफान दर पंधरा दिवसांनी अमरावतीहून मोठी पिशवी भरून आणायचा. बापाच्या हातचा टोस्ट पोरगी खाते याचं सगळ्या घराला कौतुक. अंगणवाडीतून मिळणारं डाळीचं पीठ जोया थुंकायची, म्हणून ते घरातले मोठे खायचे. मला ते माहीत होतं. मी दोनदा ओरडले आणि मग गप्प बसले, कारण पोरगी भरत चालली होती.

त्या महिन्याच्या वजनाच्या दिवशी नसीम दोघींना घेऊन आली. सना लाल पट्टीत. काटा मागच्या महिन्यापेक्षा खाली. जोयाला टांगलं तर अर्धा किलो वाढ. गाल फुगलेले, पाय गोलमटोल. आणि ती रडली नाही. झोळीत शांत बसली, काटा एकदाही नाचला नाही. मी म्हटलं, "पाहा, गुणाची पोट्टी." त्या दिवशी पर्यवेक्षिका बाई आल्या होत्या. त्यांनी विचारलं, वजन वाढलेलं एखादं बाळ दाखवा, फोटो घ्यायचा आहे. मी जोयाला उचलून त्यांच्यासमोर धरलं. बाईंनी फोटो काढला. बायांनी टाळ्या वाजवल्या. मीनाताईंनी मोबाइलमध्ये आकडा भरला, हिरवा रंग आला.

तिचे केस विरळ आणि भुरे झाले होते. मी तेल लाव म्हटलं. पोटऱ्यांची कातडी सोलपटत होती. मी म्हटलं, थंडी आहे, उलते. ती कोणाला पाहून हसत नव्हती. मी म्हटलं, दात येत असतील. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर होतं. आणि अंगठे माझ्या हातालाच होते.

सनासाठी मी नसीमच्या मागे लागले. अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात अशा लेकरांसाठी वेगळा वॉर्ड आहे. तिथे आईला लेकराबरोबर चौदा दिवस राहावं लागतं. दर दोन-तीन तासांनी मोजून दूध पाजतात, औषधं देतात, हळूहळू लेकरू सावरतं. आयांना तिकडे पाठवणं म्हणजे डोकेफोडीचं काम. घर कोण पाहील, रांधेल कोण, नवरा काय म्हणेल. जुलेखाबी तर ताईत बांधून मोकळी झाली होती. मी त्या घराच्या दारात तीन दिवस जाऊन बसले. चौथ्या दिवशी नसीम तयार झाली. पिशवी भरली, सनाला शालीत गुंडाळलं, आणि उंबऱ्यात उभी राहून तिने मला विचारलं,

"मावशी, जोयाले बी नेऊ का? दोघी संगंच दाखवून टाकते."

मी हसले. म्हटलं, "तिले काय धाड भरली? ते तं बैल हाये बैल. दोन लेकरं घेऊन तिथं बसशीन कुठी? राहू दे तिले आजीपाशी."

जुलेखाबी म्हणाली, "सई बात. मी हाये न."

नसीमने जोयाचा मुका घेतला आणि काळीपिवळीत बसली. माझ्यावर तिचा भरवसा होता. मी सनाचं खरं सांगितलं होतं, म्हणजे जोयाचंही खरंच असणार.

सहा दिवसांनी दुपारी मीनाताईंचा फोन वाजला. नसीम दवाखान्यातून बोलत होती. सना दूध पिऊ लागली होती, काल पहिल्यांदा रडली होती. मग नसीम म्हणाली, "मावशीले द्या." मी फोन घेतला.

"मावशी, इथल्या सिस्टर विचारून राहिल्या, जुळी हाये तं दुसरी कशी हाये. मी म्हटलं, मोटी हाये, पन आजकाल काही खात नाही, अम्मी सांगत होती. तं त्या म्हने, तिच्या पायावर अंगठा दाबून पाहिला का कोनी?"

मला राग आला. सिस्टरचा राग आला. अकोल्यात बसून मला काम शिकवते. मी म्हटलं, "पाहते." आणि तशीच हात पुसत निघाले, तिचं म्हणणं खोटं पाडायला.

पुढचं सुरुवातीला सांगितलं.

गावच्या फाट्यावर अकोल्याची काळीपिवळी उभी होती. गाडी भरल्याशिवाय ती हलत नाही. मी ड्रायव्हरला म्हटलं, "चाल." तो म्हणाला, "चार सवाऱ्या येऊ दे मावशी." मी जोयाच्या पायावरचं फडकं काढलं, त्याच्यासमोर अंगठा दाबला आणि उचलला. त्याने पाहिलं आणि गाडी सुरू केली. त्याच्या घरीही लेकरू होतं, माझ्याच काट्यावर वजन केलेलं.

जुलेखाबी मांडीवर जोयाला घेऊन बसली होती. येताना तिने टोस्टाचा पुडा पदराखाली घेतला होता. वाटेत तिने एक तुकडा बाटलीतल्या पाण्यात भिजवून पोरीच्या ओठाला लावला. पोरीने तोंड उघडलं नाही.

"खाय न व माह्ये माय," म्हातारी म्हणत होती. "अब्बाचा हाये. खाय."

"बी, ठेवा तो."

"उपाशी हाये न ती."

"ठेवा म्हटलं न!"

तिने तो तुकडा परत पुड्यात ठेवला. बार्शीटाकळी मागे पडलं. मग म्हणाली, "कौसल्या, मी तं तिले उपाशी कधीच ठेवलं नाही."

ते खरं होतं. आजवर मला या कामातलं सगळ्यात अवघड काय असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते. उपाशी ठेवलेल्या लेकराच्या घरच्यांना शिव्या देता येतात. इथे पोट रोज भरलेलं होतं. त्यात डाळ नव्हती, दूध नव्हतं, अंडं नव्हतं. नुसत्या चहा-टोस्टावर आणि पेजेवर लेकरू आतून पोखरलं जातं, पाणी अंगात साठतं आणि वरून ते गुबगुबीत दिसतं. माझ्या काट्याने वाढलेलं अर्धा किलो दाखवलं ते पाणी होतं. काटा खोटं बोलला नाही. पाण्यालाही वजन असतं.

दवाखान्यात त्यांनी तिला लगेच आत घेतलं. अंग गार होतं. सिस्टरने तिला गरम कपड्यात गुंडाळलं, नाकातून नळी घातली, थेंब थेंब दूध सुरू केलं. मी विचारलं, सलाईन का नाही लावत? आपल्या लोकांना सलाईन म्हणजे इलाज वाटतो. डॉक्टरीण पोरगेलीच होती. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, आजी, हिच्या अंगात आधीच पाणी झालंय, सलाईन सोडलं तर हृदयाला झेपणार नाही. छातीत संसर्ग आहे, ताप यायचीसुद्धा ताकद नाही तिच्यात. आम्ही करतोय.

ते खरोखर करत होते. दोष द्यायला मी तिथे कोणी शोधत होते, मला कोणी सापडलं नाही.

दोघी बहिणींच्या खाटा शेजारी होत्या. नसीम मधे बसायची, एक हात इकडे, एक तिकडे. सना आता दुधाची वाटी पाहिली की हात पुढे करायची. जोया डोळे अर्धे उघडे ठेवून पडलेली. दुसऱ्या दिवशी तिची सूज उतरू लागली. मला वाटलं बरी होते आहे. सूज उतरली तसं खालचं लेकरू दिसायला लागलं. ती सनापेक्षाही वाळलेली होती. इतके दिवस ती त्या पाण्याखाली होती आणि मी तिला बैल म्हणत होते.

इरफान अमरावतीहून आला. या वेळी हात रिकामे होते. पोरीच्या पायथ्याशी उभा राहून त्याने मला विचारलं, "मावशी, टोस्टानं झालं का?"

मी म्हटलं, "नाही. मी पाय दाबला नाही त्यानं झालं."

नसीम माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ती बोलेल, आणि ती बोलली तर बरं होईल. ती म्हणाली, "मी तुमाले पुसलं होतं, मावशी." एवढंच. आवाज न चढवता. परत तिने तोंड पोरीकडे केलं.

जोया चौथ्या दिवशी सकाळी गेली. सिस्टर दूध द्यायला आली तेव्हा कळलं. आम्ही तिघी तिथेच बसलो होतो, आम्हाला कळलं नव्हतं. शांत होती, आणि शांत तर ती महिनाभर होतीच.

नसीमला सनाला सोडून गावी येता येईना. चौदा दिवस पुरे व्हायचे होते. जोयाला मातीला इरफान आणि जुलेखाबी घेऊन आले. बायका कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून म्हातारी वेशीवरून परतली आणि अंगणवाडीच्या पायरीवर येऊन बसली. मी खिचडी उतरवत होते. ती म्हणाली, "घरी टोस्ट पडले हायेत एक पिशवी. काय करू?" गाईला घाला म्हटलं असतं, तेही बोलवेना.

मीनाताईंनी मोबाइल उघडला. जोयाच्या नावासमोर हिरवा रंग होता. "मावशी, काय भरू?" त्या रडत होत्या. मी म्हटलं, "जे झालं ते भर." पण तिथे माझ्या अंगठ्यासाठी रकाना नव्हता. तो फोटो मात्र तालुक्याच्या बैठकीत भिंतीवर लावला गेला होता, वजन वाढलेलं बाळ म्हणून. मी स्वतः तालुक्याला जाऊन तो काढून आणला. तिथल्या माणसाने विचारलं, "का हो आजी, नात का तुमची?" मी हो म्हटलं. फोटो नसीमला द्यावा की नाही हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यात पोरगी छान दिसते. तोच त्रास आहे.

त्यानंतर मी पाच वर्षं काम केलं. प्रत्येक लेकराचे दोन्ही पाय, दर महिन्याला, तीनपर्यंत मोजून. आया वैतागायच्या. "मावशी, पाय दाबून घ्या लागते तं माहे दाबा, लेकराचे कायले?" अशी थट्टा करायच्या. एकाही पायाला खड्डा पडला नाही. त्या पाच वर्षांच्या दाबण्याने एकही लेकरू वाचलं नाही, कारण वाचवण्यासारखं त्यात कोणी नव्हतं. ज्या एका दिवशी दाबायचं होतं तो दिवस गेला होता.

लोक म्हणतात, आता सुधारणा झाली. झाली असेल. आता मी अकोल्याला जठारपेठेत मुलाकडे राहते. खालच्या दुकानात सकाळी आया लेकरं कडेवर घेऊन येतात आणि बिस्किटाचा पुडा फोडून देतात, लेकरू गप्प बसावं म्हणून. शिकलेल्या आया. माझ्या पणतूला पाहून सगळे म्हणतात, काय गुबगुबीत आहे. मी त्याच्या पायावर अंगठा दाबला. नातसून चिडली, "आजी, कावून अभद्र करून राहिल्या?" खड्डा भरून आला. मी उद्याही दाबणार आहे. तिला चिडू दे.

जुलेखाबी दोन वर्षांपूर्वी वारली. इरफानने बेकरी सोडली, आता सेंट्रिंगच्या कामावर जातो. नसीम माझ्याशी बोलते, चांगलं बोलते. पण कशाबद्दलही मला पुसत नाही.

त्या वर्षी त्या घरातल्या दोन पोरींपैकी एक मरेल असं मी मनात धरलं होतं, ती सना. सना तिसरीत आहे. सना जगली.